जलपर्णीच्या मुळाशी

मीरा रोडच्या शांती नगरात पाण्याबद्दल बोलणं म्हणजे वेळेबद्दल बोलणं. किती वाजता येणार, किती वेळ राहणार, टँकर मागवायचा का. येतं कुठून, हे कुणी विचारत नाही. तर सांगतो. मीरा-भाईंदरला वर्षानुवर्षं पाणी मिळत आलंय ते स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून, आणि दोघंही ते उचलतात उल्हास नदीतून. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून निघालेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत शहाडला येते आणि कल्याणच्या पुढे खाडी होते. लोकल भाईंदरचा पूल ओलांडते तेव्हा खाली दिसतं त्यातही हीच नदी असते, फक्त पाइपातून न आलेली.

या नदीत वाटेतल्या शहरांचं सांडपाणी येतं. पाऊस संपून प्रवाह मंदावला की मोहने-शहाडच्या बाजूला जलपर्णी पसरते. हवामान आणि खत (म्हणजे आपलंच सांडपाणी!) मनासारखं मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट. २०२१ च्या सुमारास नेरळच्या सगुणा रूरल फाउंडेशनने तिच्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारण्याचं तंत्र वापरलं. मजूर आणि पोकलेन लावण्यापेक्षा हे स्वस्त आणि झटपट. मला त्यांचा हेतू अजिबात वाईट वाटत नाही. जलपर्णीखाली ना ऊन पोचत ना हवा, ती नदीला गुदमरवतेच.

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: नळात येईल का? प्रश्न रास्त आहे. पण नळाच्या आधी नदीत जे राहतात त्यांचं काय, हे मला जास्त छळतं.

ग्लायफोसेट वनस्पतीतलं एक एन्झाइम बंद पाडतं. ते एन्झाइम प्राण्यांमध्ये नसतंच, त्यामुळे ‘प्राण्यांना काही होत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. कागदावर बरोबर. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. एखादं मोड्यूल ‘आपल्याला लागत नाही’ म्हणून उडवलं की भलतंच काहीतरी कोसळतं, कारण ते कशाकशाला जोडलेलं होतं ते कुणी पाहिलेलंच नसतं.

जलपर्णीचं एक झाड उचलून बघा. लोंबणाऱ्या काळसर मुळांच्या झुपक्यात गोगलगायी असतात, चतुराची पाण्यात वाढणारी पिल्लं असतात, बारीकसारीक किडे असतात. फवारणीनंतर हे घर तपकिरी होतं आणि बुडतं. तळाशी ते कुजायला लागलं की जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. कल्ल्यांनी श्वास घेणारे जीव आधी जातात. उरतात कोण? कमी प्राणवायूतही तगणाऱ्या लाल अळ्या, आणि पृष्ठभागावर नळी लावून हवा घेणाऱ्या डासांच्या अळ्या. आणि जलपर्णीने शोषलेलं सगळं खत पुन्हा पाण्यात, पुढच्या पिकासाठी तयार!

शिवाय बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. औषध पानाला चिकटावं म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ घालतात, आणि त्यातले काही पाण्यातल्या जिवांना मूळ औषधापेक्षा जास्त घातक ठरतात. २००५ मध्ये अमेरिकेत रिक रेल्या यांनी मोठ्या टाक्यांमध्ये छोटी तळी तयार करून त्यांत राउंडअप टाकलं. बेडकांच्या पिल्लांच्या दोन जाती पूर्ण संपल्या, तिसरी जेमतेम उरली. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाने असं काही केलं नाही. म्हणजे सगळी तणनाशकं एका माळेचे मणी नव्हेत.

पण न मारताही घोळ होतो. आपल्याकडे मका-उसात वापरलं जाणारं अॅट्राझिन घ्या. जेसन रोर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की ते पाण्यात तरंगणारं शेवाळ मारतं, मग ऊन खोल जातं, दगडांवरचं शेवाळ फोफावतं, ते खाऊन गोगलगायी वाढतात, आणि गोगलगायींच्या पोटात वाढणारे परजीवी कृमी बेडकांवर तुटून पडतात. चार टप्पे लांबचा बग. लॉग न ठेवता सापडणार कसा?

आणि लॉग आपण ठेवत नाही, हेच माझं दुखणं आहे. पिण्याच्या पाण्याचं २०१२ चं भारतीय मानक आलं तेव्हा कीडनाशकांच्या यादीत अॅट्राझिन होतं, टू-फोर-डी होतं, ग्लायफोसेट नव्हतं. नोंदणी होती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जमिनीसाठी, नदीसाठी नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तो माणसं आणि जनावरांच्या आरोग्याचं कारण देऊन. गोगलगायीचा त्यात काय संबंध म्हणा!

फवारायचंच असेल तर एकदम सगळ्या पात्रावर नको. पट्ट्यापट्ट्याने फवारा, म्हणजे जिवांना सरकायला जागा राहील. मेलेलं झाड बुडायच्या आत बाहेर ओढा. खर्च वाढेल, मान्य. आणि आधी आणि नंतर, दोन्ही वेळा जाळीने तळ खरवडून त्यात कोण कोण आहे ते मोजा. एक जाळी, एक पांढरा ट्रे, एक भिंग आणि ओळखू शकणारा एक माणूस. एवढ्यात होतं. जलपर्णी मुळात येते ते सांडपाणी अडवणं हे त्याहून कितीतरी महाग आणि कंटाळवाणं काम आहे, आणि त्याला फवारणीसारखा आधी-नंतरचा झकास फोटोही मिळत नाही.