कापलं म्हणून ते भारी?

काल शनिवार. बाहेर पाऊस, हातात चहा आणि लॅपटॉपवर 'स्टुडिओ ६० ऑन द सनसेट स्ट्रिप'. ॲरन सॉर्किनची ही मालिका अमेरिकेत २००६ साली एनबीसीवर आली आणि २००७ मध्ये, एकाच सीझनच्या २२ भागांत आटोपली. 'द वेस्ट विंग' लिहिणारा माणूस, मॅथ्यू पेरीसारखा नट... तरीही!

गोष्ट एका लाइव्ह विनोदी कार्यक्रमाच्या पडद्यामागची. पहिल्याच भागात धार्मिक लोकांची टर उडवणारं एक स्किट चॅनलवाले ऐन वेळी काढायला लावतात. म्हातारा निर्माता भडकतो आणि लाइव्ह कॅमेऱ्यासमोर येऊन चॅनलचीच सालटी काढतो. नोकरी जाते, अर्थातच. मग मॅट हा लेखक आणि त्याचा जोडीदार डॅनी सूत्रं हातात घेतात. मॅटच्या खोलीत पुढच्या शोपर्यंतचा वेळ उलटा मोजणारं घड्याळ. (डेडलाइन म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको!) मॅटची आधीची मैत्रीण हॅरिएट याच शोमधली नटी, आणि श्रद्धाळू ख्रिश्चन. म्हणजे आपण टिंगल कोणाची करतोय, हे त्याला रोज समोर दिसतं.

हे सगळं झकास जमलंय. पण ज्या स्किटवरून एवढं रामायण घडलं, ते आपल्याला कधी दाखवतच नाहीत. आणि जी दाखवतात, त्यातल्या बऱ्याच स्किटवर हसू येत नाही. पात्रं एकमेकांना ग्रेट म्हणत राहतात, आपण कोरडे. त्याच वर्षी, त्याच चॅनलवर, तसल्याच शोच्या पडद्यामागची '३० रॉक' आली. ती स्वतःवरच हसत सात सीझन टिकली.

मला माझं स्किट आठवलं. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या ॲन्युअल डेसाठी अप्रेझलवर लिहिलेलं. एचआरने चार वाक्यं उडवली. मी महिनाभर हुतात्म्याच्या थाटात वावरलो. काल रात्री जुनी फाईल शोधून वाचली. चारही वाक्यांत नुसता राग होता हो, विनोद कुठेच नव्हता. त्या वर्षी रेटिंग कमी मिळालं होतं, तेवढंच बाहेर आलं होतं.

म्हणजे कात्री बरोबर होती का? मुळीच नाही. ती वाक्यं पडायलाच हवी होती, पण स्टेजवर, लोकांसमोर. तिथे पडली असती तर तेव्हाच काहीतरी शिकलो असतो. कापली गेली, म्हणून इतकी वर्षं ती मला भारी वाटत राहिली.

असो. चहा गार झाला.