आय-जी-एच-टीवर संपणारे आठ शब्द

इंग्रजीत ‘आय-जी-एच-टी’वर संपणारे, एकूण पाच अक्षरांचे आणि रोजच्या वापरातले शब्द आठ आहेत: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट. मोठ्या शब्दकोशांत आणखी काही सापडतात, पण ते आता क्वचितच वापरले जातात. आठांपैकी सात शब्दांत स्वर एकच, ‘आइ’. ‘एट’ तेवढा वेगळा. जी आणि एच ही अक्षरे मात्र आठांपैकी एकाही शब्दात उच्चारली जात नाहीत.

यांतले बरेचसे शब्द मराठी मुलाच्या कानावर शाळेआधीच पडलेले असतात. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले खापर हे गुजरातच्या हद्दीजवळचे गाव. तिथे घरात देहवाली, अहिराणी किंवा गुजराती बोलणारे मूलही ‘लाईट गेली’ आणि ‘बूट टाईट होतो’ म्हणतच असते. इंग्रजी स्पेलिंग नंतर येते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीत सुरू होई. कानाने शिकलेला ‘लाईट’ पाटीवर उतरवताना मूल ‘एल-आय-टी-ई’ लिहिते. ही चूक बिनडोक नाही. काइट, बाइट, व्हाइट यांची स्पेलिंगे तशीच आहेत. देवनागरीचाही इथे आधार मिळत नाही, कारण ‘राइट’ असे लिहिले की बरोबर या अर्थाचा शब्द आणि लिहिणे या अर्थाचा शब्द एकच दिसतो. इंग्रजीत हे दोन्ही पाचच अक्षरांचे, पण स्पेलिंग निराळे.

यावर वर्गातला नेहमीचा उपाय म्हणजे घोकंपट्टी: ‘एन-आय-जी-एच-टी नाईट, नाईट म्हणजे रात्र’. स्पेलिंग त्याने पाठ होते, पण जीएच तिथे आला कसा, हे कळत नाही. ते सांगता येते, आणि मराठी मुलांना तर फारच सोपेपणाने सांगता येते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत रात्रीचा शब्द ‘निह्‌त’ असा होता. त्यातला ‘ह’ टाळूशी किंवा घशाशी घासून निघे. उर्दूतल्या नुक्ता दिलेल्या ‘ख़’च्या जवळचा. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर त्यांच्या वळणाच्या लेखनिकांच्या हाताखाली या ध्वनीसाठी जी आणि एच अशी जोडी रूढ होत गेली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा हा ध्वनी इंग्लंडच्या बऱ्याच भागात अजून ऐकू येत होता. पुढे तो दक्षिणेकडच्या बोलीतून गेला, पण छापील रूप तसेच राहिले. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशापर्यंत ते पक्के झाले होते. स्कॉटलंडच्या बोलीत आजही ‘निख़्त’, ‘लिख़्त’ ऐकू येते. जर्मनीत रात्र ‘नाख़्ट’ आणि आठ ‘आख़्ट’. संस्कृतातले ‘नक्त’ आणि ‘अष्ट’ याच कुळातले आहेत.

ध्वनी गेला तेव्हा त्याच्या मागचा ऱ्हस्व स्वर लांबला. ‘निह्‌त’चा ‘नीत’ झाला आणि पुढे इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकत गेले, तसा त्याचा ‘नाइट’ झाला. मराठीतही हेच घडले. संस्कृत ‘अष्ट’, प्राकृत ‘अट्ठ’, मराठी ‘आठ’. ‘सप्त’चे ‘सत्त’, मग ‘सात’. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’. ‘भक्त’, ‘भत्त’, ‘भात’. जोडाक्षर सुटले आणि आधीचा ‘अ’ लांबून ‘आ’ झाला. खापरच्या पोराला पलीकडच्या गुजरातीतले ‘हाथ’, ‘सात’, ‘आठ’ही ठाऊक असतात, म्हणजे हा नियम त्याच्या कानात दोन भाषांतून बसलेला असतो. फरक लिहिण्यात आहे. प्राकृताने आणि मराठीने बोलण्याबरोबर लिहिणेही बदलले. इंग्रजीने बोलणे बदलू दिले आणि अक्षरे ठेवली. हे एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले, तर जीएच मुलांना परका वाटत नाही.

‘ओ-यू-जी-एच’चे पाच अक्षरी शब्द अधिक अवघड आहेत. टफ, रफ, कॉफ यांत जीएचचा ‘फ’ होतो, कारण ‘उ’सारख्या स्वरानंतर ओठ गोल असताना घशातला तो ध्वनी ओठांकडे सरकला. ‘लाफ’ही पाच अक्षरांचाच आणि त्याच वाटेने आलेला. डो आणि बाउ यांत मात्र तो नुसताच गळून पडला. कोणत्या शब्दात काय झाले, याला पक्का नियम नाही. हे पाठच करावे लागतात.

काही मूक अक्षरे तर मागाहून घुसलेली आहेत. ‘वुड’मधला एल मुळातला, ‘विल’कडून आलेला. ‘कुड’मध्ये तो कधीच उच्चारला जात नव्हता, ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या देखादेखी तो लिहिला जाऊ लागला. ‘डिलाइट’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्यालाही ‘लाइट’कडे बघून जीएच चिकटवला गेला.

जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये लोकांपुढे आणलेल्या ‘वर्डल’ या पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या खेळात आय-जी-एच-टीचे हे घराणे सापळा ठरते. सव्वीस अक्षरांतून पाच घरांच्या १,१८,८१,३७६ जुळण्या होतात. उत्तरांसाठी मूळ यादीत शब्द सुमारे २,३०० होते. तरी शेवटची चारही अक्षरे हिरवी झाल्यावर, म्हणजे बरोबर जागी बसल्यावर, पहिल्या अक्षरासाठी आठ पर्याय उरतात आणि संधी तर एकूण सहाच. एकेक शब्द लावून पाहत बसले, तर डाव हातचा जातो. अशा वेळी उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाकावा. ‘फिल्म्स’ हा पाच अक्षरी शब्द एफ, एल, एम आणि एस चारही एकदम तपासतो. चारही नसतील, तर पुढे ‘एंटर’ टाकावा. त्यातून ई, एन आणि आर यांचा निकाल लागतो, आणि यातले एकही नसेल तर उत्तर ‘टाइट’.