भरल्या तळ्याची वर्गणी

नव्या बांधकामाला वर्गणी मिळते, दुरुस्तीला कुणी देत नाही, असं म्हणतात. जालन्यापुरतं ते अर्धंच खरं आहे. 2012-13च्या दुष्काळात शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने पुढाकार घेतला आणि उद्योजक, व्यापारी, सामान्य नागरिक यांच्या पैशांतून गाळ उपसला गेला. गाळ काढण्यात मिरवण्यासारखं काही नसतं. कोनशिला बसत नाही, फीत कापता येत नाही, आणि झालेलं काम पहिल्याच पावसात पाण्याखाली जातं. तरीही लोकांनी पैसे दिले. म्हणून आपल्याकडे दानत नाही, हे मला पटत नाही. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. तळं कोरडं पडलं की हात खिशात जातो आणि तळं भरलं की पावतीपुस्तक कपाटात जातं.

वेळेचा मुद्दा यासाठी, की निसर्गाने केलेली मोडतोड माणसाने केलेल्या मोडतोडीसारखी एकदाच होऊन थांबत नाही. 1995 साली फ्लोरिडात डिस्कव्हरी या अवकाशयानाच्या इंधनटाकीवरच्या फेसाच्या आवरणाला सुतार पक्ष्यांनी भोकं पाडली आणि उड्डाण लांबणीवर पडलं. भोकं बुजवून नासाला स्वस्थ बसता आलं नाही. पक्षी परत येणार हे गृहीत धरून भोंगे आणि फुगे लावावे लागले, पहारा ठेवावा लागला. लाकडी भिंतींच्या देशांत अनेक घरांना हा त्रास होतो. आपल्याकडे दगडविटांच्या भिंतींना मराठा सुतार पक्ष्याची चोच फारसं काही करू शकत नाही. इथे चोचीचं काम गाळ करतो. कुंडलिका नदीच्या खोऱ्यातली उघडी काळी माती दर पावसाळ्यात पाण्याबरोबर तलावात उतरते आणि तिथेच बसते. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ढेकूळ फोडलं तर आत थरावर थर दिसतात. हे नुकसान दरवर्षी होतं, तर त्यासाठीचा पैसाही दरवर्षीच लागणार. दहा वर्षांतून एकदा, घाबरून दिलेला पैसा कितीही मोठा असला तरी तो पुरणार नाही.

हा पैसा कशासाठी, हे समजावणं कठीण नाही. गाळ ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे साधारण 2,800 लिटर. तेवढा गाळ निघाला की तेवढ्याच पाण्याला जागा होते, आणि ती एका वर्षापुरती नसते. पाऊस झाला की दरवर्षी भरते. साडेतीन ब्रासमध्ये जवळपास दहा हजार लिटरचा टँकर बसतो. शिवाय निजामकाळातल्या या तलावाचं पाणी उताराने, विजेशिवाय शहरात येतं. जायकवाडी धरणाचं पाणी पंपाने चढवून आणावं लागतं आणि त्याचं बिल दर महिन्याला येतं. वर्गणी मागणाऱ्याने दुष्काळाचे फोटो दाखवण्यापेक्षा हा हिशेब मांडावा, असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आता वर्गणी कशाला? आक्षेप रास्त आहे. महानगरपालिका झालेल्या शहराला स्वतःचा तलाव सांभाळता आला पाहिजे. पण ज्याने पावती फाडली तो पोकलेन किती तास चाललं, किती ट्रॉल्या भरल्या, हे विचारायला काठावर जातो. पाणीपट्टी भरणारा जात नाही. वर्गणीने कराची जागा घेऊ नये, पण कराच्या पैशावर नजर ठेवणारी माणसं तिच्यातून तयार होतात. दुसरा आक्षेप असा, की कारखानदार देतो तो स्वतःच्या सोयीसाठी. असेल. पाणी नसेल तर कारखान्यातली सळई गार होत नाही आणि मजूर गावात राहत नाही, हे त्याला कळलं असेल तर त्यात वाईट काय? फक्त ज्याच्या पैशावर काम चालतं त्याच्याच हाती निर्णय जाऊ नये म्हणून शंभर-दोनशेच्या पावत्याही हव्यात. त्यांनी रक्कम फार वाढणार नाही, बोलणारे वाढतील. आणि उपसलेला गाळ शेतात नेणाऱ्या शेतकऱ्याला फुकट माती मिळते, हा सूर तर मला पटतच नाही. यंत्र आणि डिझेल दात्यांचं, वाहतूक शेतकऱ्याची, अशी वाटणी झाली की खर्चाचा मोठा भार तोच उचलतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना 2017 साली साधारण अशाच वाटणीवर सुरू झाली, आणि पुढे अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान द्यावं लागलं, ते उगाच नव्हे.

पक्षीप्रेमींचा आक्षेप मात्र मी सर्वांत गंभीर मानतो. तलाव सगळीकडे सारखा खोल खणला तर चिखलात भक्ष्य शोधणाऱ्या तुतारी, चिखल्यांसारख्या पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून वरच्या अंगाचा उथळ काठ सोडावा, भिंतीच्या पायथ्यापासून लांब राहावं, आणि मुरूम दिसला की यंत्र थांबवावं. त्याखाली खणलं तर पाणी झिरपून जाण्याची भीती असते. त्याहून महत्त्वाचं, वर्गणीतला काही हिस्सा तलावात न घालता वरच्या शिवारातल्या बांधबंदिस्तीवर घालावा. याच जिल्ह्यातल्या कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, 1996 पासून माथा ते पायथा काम झालं. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखलं जातं. माती शेतातच अडली तर ती तलावातून उपसण्याचा खर्च तेवढा कमी होतो. ‘गाळ काढण्यासाठी’ दिलेले पैसे बांधावर का घालता, असं काही दाते विचारतील. त्यांना पावतीवरच ‘गाळ काढणे व अडवणे’ असं छापून द्यावं, आणि पावत्या फाडायला मे महिन्याची वाट न पाहता दिवाळीनंतर, कापूस-मोसंबीचा पैसा हातात असताना आणि तलाव भरलेला असतानाच निघावं.