एकविसावा दिवस नक्की कुणाचा?

आपल्या घरांत कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी कुठेतरी एक छोटासा गोल केलेला असतो. तो कशाचा, हे घरातल्या बायकांना माहीत असतं आणि पुरुषांनी विचारायचं नसतं. माझ्या आजेसासूबाई 'कावळा शिवला' म्हणायच्या, सासूबाई 'अडचण' म्हणतात, मी पाळी म्हणते आणि भाची सरळ पिरियड्स म्हणते. आमच्या बडोद्याच्या घरात शब्द बदलत गेले, पण मोजायची गोष्ट एकच राहिली: पाळी आली की नाही आली. दोन गोलांच्या मधे काय घडतं, ते कुणी कुणाला सांगितलं नाही. मला ते कळलं एका रिपोर्टमुळे.

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. प्रत्येक हळदीकुंकवाला "काय गं, काही विशेष?" हे ठरलेलं. माझी पाळी 35 दिवसांनी येते, अगदी घड्याळ लावल्यासारखी. एका दवाखान्यात पाळीच्या 21व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करायला सांगितली. आकडा आला 0.6. समोरच्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बीजच तयार होत नाही." पुढच्या पेशंटला आत बोलावलंसुद्धा. त्या एका वाक्यावर मी चार महिने काढले. घरात कुणी काही बोललं नाही, पण ओटीचे नारळ माझ्या हातात देताना काहींचा हात जरा अडखळायला लागला.

नंतर नणंदेच्या आग्रहाने दुसऱ्या डॉक्टरबेनकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघण्याआधी विचारलं, "पाळी किती दिवसांनी येते?" मी 35 म्हटल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं: 35 वजा 14, बरोबर 21. "म्हणजे तुमचं बीज 21व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडत असणार. रक्त त्याच दिवशी दिलंत. मग प्रोजेस्टेरॉन दिसणार कुठून?"

त्यांनी जे समजावलं ते असं. पाळीच्या पहिल्या भागात अंडाशयातल्या एका छोट्या पिशवीत बीज वाढत असतं. ती पिशवी इस्ट्रोजेन तयार करते आणि त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन एकदम सोडते. त्यानंतर साधारण दीड दिवसात पिशवी फुटते आणि बीज बाहेर पडतं. हेच ओव्ह्युलेशन. बीज स्वतः जेमतेम एक दिवस टिकतं, पण मागे राहिलेली रिकामी पिशवी वाया जात नाही. तिचाच एक पिवळसर गोळा होतो, त्याला पीतपिंड म्हणतात, आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतो.

म्हणजे बीज बाहेर पडलं नाही, तर पीतपिंड नाही. पीतपिंड नाही, तर पाळीच्या दुसऱ्या भागातलं प्रोजेस्टेरॉनही नाही. प्रोजेस्टेरॉन तपासून ओव्ह्युलेशन झालं की नाही हे ओळखता येतं ते यामुळेच.

हे प्रोजेस्टेरॉन जाड झालेल्या अस्तराला गर्भ रुजण्याजोगं करतं. सकाळी उठल्याउठल्या घेतलेलं अंगाचं तापमानही त्याच्यामुळे 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअस वर जातं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. गर्भ राहिला नाही, तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत आटतं, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तर सुटून पाळी सुरू होते. गर्भ राहिला, तर त्याच्याकडून आलेल्या निरोपावर पीतपिंड टिकतं आणि वार काम हाती घेईपर्यंत तेच गर्भाला सांभाळतं.

यातली कळीची गोष्ट अशी, की दुसरा भाग बहुतेकींचा 12 ते 14 दिवसांचा असतो. लांबतो किंवा आखडतो तो मुख्यतः पहिला भाग. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे. जपानी डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी 1924 सालीच हे मांडलं होतं. आणि तीनच वर्षांनी, 1927 मध्ये, र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू करून असे विषय मराठीत उघडपणे आणले. एवढ्या वर्षांनंतरही आपण हे कुजबुजत बोलावं, याचं मला नवल वाटतं.

'21वा दिवस' हा 28 दिवसांची पाळी असणारीचा दिवस आहे. तपासणी पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी हवी, म्हणजे माझ्यासाठी 28व्या दिवशी. पुढच्या महिन्यात तशी केली. आकडा आला 11.2. मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर असला, तर बीज बाहेर पडलं असं साधारणपणे मानतात. आमची मुलगी त्यानंतर दोन वर्षांनी झाली, त्यात बाकीचे उपचारही होते. त्यामुळे ही चमत्काराची गोष्ट नाही. पण ते चार महिने टळू शकले असते.

याची दुसरी बाजूही खरी आहे. रक्तस्राव झाला म्हणजे बीज बाहेर पडलंच असं नाही. पाळी नवी असताना पहिली एक-दोन वर्षं पुष्कळ मुलींचं असंच असतं, त्यामुळे तारखा मागेपुढे झाल्या तर आयांनी लगेच घाबरू नये. पीसीओएसमध्ये मात्र महिनोन्‌महिने ओव्ह्युलेशन होत नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन नसतं, आणि मग एकदम खूप जातं. हे वर्षानुवर्षं चाललं तर अस्तराचा आजार, पुढे कॅन्सरसुद्धा, होण्याचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी आली नाही आणि दिवस गेलेले नाहीत, तर "बरंय, कटकट नाही" म्हणून बसू नका. डॉक्टर काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात आणि त्या थांबवल्यावर पाळी येते. मात्र ती गोळीमुळे आलेली असते, बीजामुळे नाही.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळीही याच जातीची. प्रोजेस्टेरॉन उतरलं की पाळी येते, म्हणून गोळीने ते उतरू द्यायचं नाही, एवढाच तिचा उपाय. पण ती मैत्रिणीच्या पाकिटातून मागून घेऊ नका. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांना ती अपाय करू शकते.

हे सगळं मी सासूबाईंना समजावलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीची पाळीपण अशीच लांबायची गं. तिला कुणी काही विचारलंच नाही. नुसतं नाव ठेवलं." त्या मावशींच्या यजमानांची तपासणी कधीच झाली नव्हती. त्यांचीही नाही आणि मावशींचीही नाही.

तेव्हा माझ्या भाच्यांना आणि सुनांना एवढंच सांगेन. मोबाइलमधलं ॲप 14वा दिवस दाखवतं तो अंदाज असतो, तुमच्या शरीराने दिलेला पुरावा नव्हे. सहा महिन्यांच्या तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना घेऊन जा. प्रोजेस्टेरॉनची तपासणी सांगितली तर विचारा, "माझ्या पाळीच्या हिशोबाने कोणत्या दिवशी?" आणि नवऱ्याला बरोबर न्या, त्याचीही तपासणी त्याच आठवड्यात होऊ दे.