आमच्या विहिरीचें पाणी

आमच्या शाळेच्या आवारांत चिंचेखालीं एक जुनी विहीर आहे. कित्येक उन्हाळे तिनें मुलांची तहान भागविली. आज तिच्यावर झांकण आहे. तें कां पडलें, हें सांगण्याचें आम्ही आजवर टाळीत आलों.

विहिरीपासून वीस पावलांवर विजेचें जनित्र आहे. त्यासाठीं ठेवलेल्या डिझेलच्या पिंपाच्या बुडाशीं ओल दिसे. ती आम्हीं पाहिली होती. दुरुस्तीचा खर्च पुढल्या सत्रावर ढकलून आम्हीं त्या जागीं वाळू पसरविली. पावसाळा गेला. नाताळापूर्वीं सहावींतील एका मुलीनें ओंजळींतलें पाणी टाकून म्हटलें, "सर, पाण्याला पेट्रोलपंपासारखा वास येतो." आंत वांकून पाहतों तों पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग तरंगत होते. वाळूनें तेल अडविलें नव्हतें; केवळ आमच्या दृष्टीआड केलें होतें.

पिंप हलविलें, तेलकट माती खणून काढविली. पुढें काय करावें, या चिंतेंत असतां अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांतल्या बेमिजी गांवाजवळची हकीकत वाचनांत आली. तेथें २० ऑगस्ट १९७९ रोजीं खनिज तेलाचा नळ फुटून सुमारें १७ लाख लिटर तेल सांडलें. शक्य तेवढें काढून घेतल्यावरही सुमारें ४ लाख लिटर जमिनींत उरलें. १९८३ पासून तेथील भूगर्भसर्वेक्षण खात्याचे शास्त्रज्ञ ठिकठिकाणीं अरुंद विहिरी घेऊन त्या पाण्याची जणूं नाडी पाहत आले. त्यांना आढळलें कीं, मातींतील सूक्ष्म जीवाणू तें तेल खात आहेत. प्रथम ते पाण्यांत विरघळलेला प्राणवायु वापरतात. तो संपला म्हणजे मातींतील लोहाच्या गंजावर काम चालवितात. तोही सरला म्हणजे शेवटीं मिथेन वायु निघूं लागतो. म्हणून तपासणारा केवळ बेंझीन मोजीत नाहीं. प्राणवायु, लोह आणि मिथेनही मोजतो. या खुणा न मिळतां बेंझीन घटलें, तर तें नाहींसें न होतां नुसतें पसरून पातळ झालें असण्याचा संभव असतो.

हें वाचून आम्हांस धीर आला, आणि खरें सांगावयाचें तर थोडा आळसही. सृष्टिकर्त्यानें मातींतच झाडूवाले ठेवले असतील, तर आपण स्वस्थ बसावें! परंतु पुढला भाग वाचून आम्ही वरमलों. इतक्या वर्षांनंतरही तेथील तेल पुरतें सरलें नव्हतें. शिवाय लोह सुटतांना त्याला चिकटलेलें नैसर्गिक आर्सेनिकही पाण्यांत उतरलें होतें. आणि तेथील जमीन वाळूगोट्यांची. आमच्याकडे काळा पाषाण. येथें पाणी भेगांतून धांवतें, आणि कोणती भेग कोठें जाते तें वरून दिसत नाहीं. तेथला हिशेब येथें जसाच्या तसा लागू होत नाहीं.

तेव्हांपासून दर तीन महिन्यांनीं आम्ही पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवितों, आणि नववीचे विद्यार्थी आलेले आंकडे वहींत टिपतात. वास केव्हांच गेला. "मग झांकण कां काढीत नाहीं?" असें मुलें विचारतात. आम्ही सांगतों, पिण्याच्या पाण्यांत लिटरामागें १० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक बेंझीन नसावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मार्गदर्शन आहे. आणि त्याच्या कित्येक पट झालें तरी नाकाला तें कळत नाहीं. नाकाची साक्ष येथें चालत नाहीं. वहीची चालते.

पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविलेल्या आपल्या बापाच्या विहिरी इसहाकानें पुन्हां खणिल्या, ही कथा आम्हीं उपासनेंत अनेकदां सांगितली. तींत आपण इसहाकाच्या पक्षाचे, असेंच आम्ही मानीत होतों. बाळांनो, आतां ती सांगतांना आमचा स्वर थोडा उतरतो. जीवाणू आपलें काम करीत आहेत. तें पुरें होईपर्यंत रक्षण करणें आणि वाट पाहणें हें आमचें काम. तुमच्या घरीं एखाद्या पिंपाखालीं ओल दिसली, तर तीवर वाळू टाकूं नका. वडिलांना हांक मारा.