खाज थांबते, बुरशी पसरते

‘औषधांच्या दुष्परिणामांवर लिहा, पण सोपं लिहा,’ असं संपादकांनी बजावलं होतं. प्रस्तुत लेखक त्वचारोगतज्ज्ञ, म्हणून त्याने गजकर्ण निवडलं. जांघेत खाज सुटते, लाल चट्टा उठतो. माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणतो आणि दोन दिवसांत खाज गायब! मग तीच ट्यूब घरात सगळ्यांना लागते.

सोपं ते इथेच संपतं.

त्या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध असतं, अँटिबायोटिक असतं आणि अनेकदा क्लोबेटासोल असतं. बाहेरून लावायच्या स्टेरॉइडांपैकी हे सर्वांत जहाल. बुरशी त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते. लाली आणि खाज येते ती तिला हुसकावू पाहणाऱ्या शरीराच्या प्रतिकारामुळे. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबतं. रोग्याला बरं वाटतं, बुरशीला तर त्याहून बरं वाटतं. पुढे चट्ट्याची ओळखीची गोल कडाही पुसली जाते आणि निदान चुकतं. 1968 साली ब्रिटनमध्ये आयव्ह आणि मार्क्स यांनी अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हटलं. जांघेतली त्वचा मात्र पातळ होऊन तिथे जे पट्टे उमटतात, ते कायमचे.

यावर ‘स्टेरॉइड वाईटच’ असं कुणी म्हटलं की लेखकाचा पारा चढतो. 1952 साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून दाखवलं आणि एक्झिमाच्या रोग्यांना पहिल्यांदा खरा आराम मिळाला. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवस लावलेलं मलम आजही उत्तम औषध आहे. पण बाळाच्या एक्झिमासाठी सौम्य मलम लिहून दिलं की आई विचारते, ‘डॉक्टर, यात स्टेरॉइड नाही ना?’ आणि तिच्याच पर्समध्ये चेहरा उजळवायची ट्यूब असते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. ती ट्यूब महिनोन्‌महिने लावली की चेहऱ्यावर मुरमं, लव आणि लाल केशवाहिन्या दिसू लागतात. थांबवली की आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या 2926 रोग्यांपैकी 433 जण स्टेरॉइड मलम वापरत होते. निम्म्याहून अधिकांना ते सुचवणारा डॉक्टर नव्हताच. उरलेल्यांना डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, हेही सांगायला हवं. सगळं खापर मेडिकलवाल्यावर फोडणं आमच्या व्यवसायाला सोयीचं आहे.

खरा राग आहे तो मिश्रणांवर. बुरशी आहे की जिवाणू की साधी अ‍ॅलर्जी, हे न तपासता तिन्हींवर एकच ट्यूब मारायची, याला उपचार म्हणायचं? 2018 मध्ये केंद्राने 14 स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घेतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद.

दरम्यान बुरशीही बदलली. भारतात फोफावलेल्या एका प्रकाराला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळालं. पूर्वी टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत आटोपणारं गजकर्ण आता अनेकदा त्यांना दाद देत नाही. इट्राकोनाझोल द्यावं लागतं, तेही कधी कधी महिनोन्‌महिने. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे दोन रोगी नोंदले गेले. त्यांतल्या एका बाईने अलीकडे परदेश प्रवास केलेलाच नव्हता.

दुष्परिणाम कळवण्यासाठी देशात 2010 पासून औषधदक्षता कार्यक्रम आहे. 1800-180-3024 या क्रमांकावर रोगीही तक्रार नोंदवू शकतो. रोग्यांना हे ठाऊक नसतं. डॉक्टरांना ठाऊक असतं, पण बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असताना अर्ज भरायला बसणारे थोडेच.