२१ हजारांच्या आत

गावात हल्ली कुठेही बसा, एक वाक्य कानावर येतंच. "फुकट पैसे मिळायला लागले, आता मजूर कुठून मिळणार?" मीही द्राक्षवालाच. छाटणीला माणसं शोधताना माझ्याही तोंडून हे निघालंय.

आमच्या शेजारच्या वहिनी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. परवा एका पॅकहाऊसमध्ये १२,००० ची नोकरी चालून आली, पीएफ-ईएसआयसकट. वहिनी म्हणाल्या, "दादा, त्यांना सांगा ना, खात्यावर नको, हातात द्या."

आधी रागच आला. मग कागदावर हिशोब मांडला. खात्यावर घेतले तर पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ९० कापून उरतात १०,४७०. शिवाय पगार दिसला की निराधारचे १,५०० बंद. रोखीत घेतले तर १२,००० अधिक १,५००. महिन्याला तीन हजारांचा फरक! म्हातारपणाची सोय गेली, दवाखाना गेला, कबूल. पण पोराची फी आज भरायची असते.

या योजनेची उत्पन्न मर्यादा माहितीये? कुटुंबाला वर्षाला २१,०००. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला ३१२ रुपये. १०० दिवस काम केलं की ३१,२०० होतात. म्हणजे सरकारनेच दिलेलं काम पूर्ण केलं तर सरकारच्याच योजनेतून बाद! मग दाखल्यावर ज्याचं त्याचं उत्पन्न २० हजार. ते खोटं आहे हे घेणाऱ्यालाही माहीत, देणाऱ्यालाही.

आता टॅक्सवाल्यांकडे बघा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य. १२ लाख १० हजार झाले तर? स्लॅबप्रमाणे ६१,५०० होतात. पण मार्जिनल रिलीफ आहे, म्हणून भरायचे फक्त १० हजार, वर थोडा सेस. १० हजार जास्त कमावले म्हणून कुणाचं ६० हजारांचं नुकसान होऊ नये, हे तिथे कुणाला तरी सुचलं. वहिनींच्या बाबतीत नाही सुचलं. त्यांचेही १,५०० पगार वाढेल तसे थोडे थोडे कमी करता आले असते की! एकदम तोडायची काय गरज?

आणि "फुकट पैशाने माणसं आळशी झाली" म्हणणाऱ्यांनो, काम त्यांनी सोडलेलं नाही. लपवलंय.

सोमवारपासून वहिनी पॅकहाऊसला जाताहेत. रोखीत. मालकाने लगेच हो म्हटलं, त्याचाही पीएफ वाचला.